देवरे सरांनी काढलेलं एकमेव खोटं चित्र

स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोच्या खोलीत जाण्याआधी उंबऱ्याशी थांबून ग्लासातल्या पाण्यात ब्रश खळखळ ढवळणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या समोरच्या दारात राहतो. देवरे सर, मूळचे सटाण्याकडचे. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि सातपूरला आमच्या सोसायटीत आले. तो ग्लास म्हणजे त्यांची बेल.

सर जलरंगात बायका काढतात, म्हणजे एकच बाई, सुमनकाकू. न्हाऊन केस पुसताना, ब्लाउजचे हूक लावताना, नुसत्या परकरावर बसून पायाची नखं कापताना. "आपल्याला बघताहेत हे कळलं की बाई फोटोला बसल्यासारखी बसते," सर सांगतात. "आणि न कळवता बघणं ही चोरी. म्हणून आधी कळवायचं, मग ती विसरेपर्यंत थांबायचं." काकू कधी पाच मिनिटांत विसरतात, कधी तासभर घेतात. तोवर सर भिंतीकडे तोंड करून बसतात.

दुसरा नियम, आहे तसंच काढायचं. पोट असेल तर पोट, सुरकुती असेल तर सुरकुती. मी एकदा हौसेने माझा चेहरा काढून घ्यायला बसले आणि हनुवटी एकच दाखवा म्हटलं. "दोन आहेत," म्हणाले आणि दोन्ही काढल्या.

गुलाबी कातडी रंगवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. आपल्या बायकांच्या अंगात निळं, हिरवं, जांभळं सगळं असतं, फक्त बघायला सवड पाहिजे, असं त्यांचं मत. हे मत ते स्वतःपाशी ठेवत नाहीत, हीच पंचाईत. दुधाच्या रांगेत खालच्या कुलकर्णीबाईंना म्हणाले, तुमच्या मानेवर आज काय सुंदर निळं उतरलंय. बाई पिशवी टाकून थेट डॉक्टरकडे गेल्या.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांची चित्रं लावायची ठरली तेव्हा सेक्रेटरींनी सुचवलं, त्या नखं कापणाऱ्या चित्रात जरा पदर घाला. सरांनी शांतपणे विचारलं, तुमच्या घरी नखं कापताना पदर घेतात का? प्रदर्शन बारगळलं. पण दोन दिवसांनी सेक्रेटरींच्या सौभाग्यवती ती सगळी चित्रं बघून गेल्या आणि निघताना काकूंचा हात बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

गेल्या वर्षी काकूंचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. घरी आल्यावर खोलीला आतून कडी लागायला लागली आणि ग्लासाचा आवाज बंद झाला. सर वांगी काढायला लागले. दुपारी वांगं टेबलावर मॉडेल, संध्याकाळी त्याचंच भरीत. वांगी सुरेख जमली होती, पण माणूस सुकत चालला होता. मला एकदा जिन्यात म्हणाले, "ती रागावली असती तरी चाललं असतं. ती लाजते. माझ्यासमोर, इतक्या वर्षांनी."

सहा महिन्यांनी एका सकाळी काकूंनीच कडी काढली आणि "या, बसा," म्हणाल्या.

त्या दुपारी सरांनी मला बोलावून चित्र दाखवलं. काकू पलंगावर बसलेल्या, केस मोकळे, खांद्यावरून टॉवेल घसरलेला. सगळं जसंच्या तसं. फक्त छाती पूर्वीची, भरलेली. जन्मात कुणाची हनुवटी न लपवणाऱ्या माणसाने बायकोसाठी खोटं काढलं होतं.

काकूंनी चित्र उचललं, मोरीत नेलं आणि नळाखाली धरलं. रंग वाहून गेला. "मास्तर," काकू म्हणाल्या, "ही बाई कोण? तुम्ही हिच्याकडे बघत बसणार असाल तर मी कुठे जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सर परत बसले. ते चित्र चार दिवस चाललं. मी पाहिलेलं नाही आणि मागणारही नाही. काकू मला एवढंच सांगत होत्या, हसत हसत, पदराने डोळे पुसत. व्रणाशी आल्यावर सर थांबले. ब्रश कागदावर टेकवायचा होता, तोही ओला, मऊ. पण हात पुढे जाईना. घरात ते दोघं अहिराणी बोलतात. मान वर करून सरांनी विचारलं,

"दुखस का वं?"