पोळ्याच्या आदल्या दिवशीचा न्यूमोनिया

उद्या पोळा, आणि तांड्यावर तोरणाखाली मानाची पहिली जोडी धावजीची. तो मात्र यवतमाळच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन करून पडलेला. आज सुट्टी मिळाली नाही तर मान चुलतभाऊ भावसिंगच्या बैलांना जाणार होता, आणि धावजीला ते टाक्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

डॉक्टर नवे होते. पडून राहिलेल्या पेशंटला दवाखान्यातच न्यूमोनिया धरतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वॉर्डात कोणी शिंकलं तरी ते छाती तपासायची नळी घेऊन धावत. पथ्यालाही तसेच कडक. "तळलेलं खाल्लंत तर आणखी आठवडाभर इथेच!"

बायकोने, सुखीबाईने, नेमक्या सणाच्या कुरडया आणल्या आणि वर कढत चहा. धावजीने कुरडई तोंडाशी नेली, तोच डॉक्टर दारात! कुरडया बंडीत गेल्या, चहा एका दमात घशात. असा ठसका लागला की बिचाऱ्याचे डोळे पांढरे झाले.

"खोकला?" डॉक्टरांनी कान टवकारले. थर्मामीटर तोंडात घातला, तर पारा एकशे तीनवर. बंडीवरून नळी लावली, तर आत करकर, करकर!

"न्यूमोनिया! येताना नव्हता, इथेच लागला. विमलताई, पेनिसिलीन आणा! पंधरा दिवस हलायचं नाही."

धावजी रडायच्या बेताला आला. "पंधरा दिस? माहे बैल काय म्हनतीन मले?"

"सांगून टाका ना आता!" सुखीबाई कडाडली. "भावसिंग तिकडं शिंगं रंगवून राह्यला!"

नर्स विमलताई सुई घेऊन आल्या. सुई पाहताच धावजीने बंडी झटकन वर केली. चादरभर चुरा सांडला.

"हाच माहा न्यूमोनिया, साहेब. हिनं तळला. पन खाल्ला नाई जी, नुसता वास घेतला!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. उरलेल्या कुरडया जप्त करून त्यांनी कोटाच्या वरच्या खिशात कोंबल्या. "छाती साफ निघाली तरच सुट्टी!"

धावजी उघड्या छातीने उताणा झाला. डॉक्टर वाकले, नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अजून करकरतंय!"

धावजीने आधी स्वतःच्या छातीकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या फुगलेल्या खिशाकडे. नळी त्या खिशावरच घासत होती.

"साहेब," तो कळवळून म्हणाला, "मले जाऊ द्या. आता तुमालेच लागला."

डॉक्टरांनी सुट्टी लिहिली. वॉर्डाबाहेर पडताना धावजीला मागून पुन्हा करकर ऐकू आली. या वेळी डॉक्टरांच्या दातांखालची होती.