उजवीकडची हिरवी पिन

आमच्या शाळेतल्या रझियाबाईंच्या डोक्यात काय चाललंय, ते बाहेरून मोजता येतं. त्यांच्या स्कार्फवर रंगीत मण्यांच्या पिना असतात, एकेका कामाची एकेक. राहिलेलं काम उजव्या कानाच्या वर, झालेलं डाव्या. मुख्याध्यापकांनी "बाई, तो अहवाल?" एवढं विचारायचा अवकाश, की त्या उजव्या कानावर बोट ठेवतात. "पिन लावलीय, सर." सर मान डोलावून परत फिरतात.

"डायरी ठेवा की हो," मी एकदा म्हटलं.

"डायरी हरवते, म्हात्रेबाई. डोकं कुठे हरवतंय?"

मी कल्याणच्या या शाळेत अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, आणि खरं सांगते, आता जीव विटलाय. गुडघे बोलतात. एकच माहिती आधी मोबाइलवर भरा, मग कागदावर भरा, मग हरवली म्हणून पुन्हा भरा. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवर कामांची यादी डोक्यावर घेऊन कोणी बसलेलं असलं की वैताग येतो.

यंदा एक नवीन बाई आल्या, अगदी कोवळ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रझियाबाईंच्या स्कार्फकडे बघत दबकत विचारलं, "मॅडम, यात गरम नाही होत?"

"होतं की," रझियाबाई म्हणाल्या. "तुला साडीत नाही होत?"

पुढच्या आठवड्यात त्याच पोरीने पदराला लावायला त्यांच्याकडून पिन मागून घेतली. सगळेच घेतात. कोणाची चप्पल तुटते, कोणाच्या पर्सची चेन जाते, तक्ता भिंतीवरून खाली येतो. नियम एकच. "डावीकडची घ्या. उजवीकडे हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

उजवीकडे एक पिवळी पिन जूनपासून दिवाळीपर्यंत होती. तिसरीतल्या एका मुलीला फळा दिसत नव्हता आणि तिची आई काही भेटायला येत नव्हती. शेवटी बाई स्वतः दुपारच्या उन्हात बुरखा चढवून शहाडला तिच्या घरी जाऊन आल्या. मुलीला चष्मा लागला, पिवळी डावीकडे गेली. एक हिरवी पिन मात्र रोज सकाळी पुन्हा उजवीकडे हजर. ती कसली, हे मी कधी विचारलं नाही. नमाजाची असणार, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे फोन. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. तेव्हापासून शाळेच्या दिवशी संध्याकाळी सातला मी डोंबिवलीला घराचं कुलूप काढून आत शिरते न शिरते, तोच फोन वाजतो.

"पोचलात?"

"पोचले."

"बरं." आणि फोन बंद. कशा आहात नाही, काय करताय नाही. चप्पलही काढू देत नाहीत. मी रोज वैतागायचे.

मग गेल्या महिन्यात शाळेची तपासणी आली. साहेब जिना चढत होते आणि ऐन वेळी माझ्या खांद्यावरची पिन तुटली. रझियाबाई समोर टेबलावर हात टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मोकळ्या तासाला त्या अशा दहा मिनिटं बसतात. मी हळूच डावीकडची पिन उपसली, पदर टाचला आणि वर्गाकडे पळाले.

संध्याकाळी घरी आले. सात वाजले. सव्वासात झाले. फोन वाजला नाही.

आधी बरं वाटलं. चहा केला, निवांत प्यायले. मग फोनचा आवाज बंद तर नाही ना, ते पाहिलं. साडेसातला पुन्हा पाहिलं. घर एकदम फार मोठं वाटायला लागलं. आपण आलोय हे आज कोणालाच माहीत नाही, या विचाराने मला रडू फुटलं, आणि रडण्यासारखं काय आहे म्हणून स्वतःचाच राग आला. साडी बदलताना पदराची पिन काढली. मणी हिरवा होता.

त्या माझ्या समोर बसल्या होत्या. माझं डावं ते त्यांचं उजवं. अठ्ठावीस वर्षं पोरांना डावं-उजवं शिकवतेय मी.

सकाळी स्टाफरूममध्ये रझियाबाई हैराण होत्या. "कालपासून डोकं खातंय, काहीतरी राहिलंय. उजवी बाजू तर रिकामी होती! गॅस दोनदा बघितला. रत्नागिरीला मुलीला फोन लावला, ती म्हणते, अम्मी, सकाळीच तर बोललीस."

मी पिन पुढे केली. "चुकून मी घेतली. तुमचा नमाज राहिला का हो?"

"नमाजाला पिन कशाला? पाच वेळा अजान होते की!"

"मग ही कसली?"

त्यांनी ती उजव्या कानाच्या वर नीट बसवली. "म्हात्रेबाई पोचल्या का, त्याची."

त्या कपाटाच्या आरशात बघत म्हणाल्या, "आमचे गेले तेव्हा मी घरात शिरले की मोठ्याने सांगायचे, आले हं मी. सवय ना. कोणी ओ द्यायचं नाही. म्हटलं, तुम्हाला तरी..." तेवढ्यात घंटा झाली आणि त्या खडू घेऊन वर्गावर गेल्या.

मी पदराच्या टोकाला गाठ मारली. आमच्याकडे लक्षात ठेवायचं असलं की हेच करतात.

संध्याकाळी कुलूप काढलं आणि सात वाजायच्या आत मीच फोन लावला.

"पोचलात?"

"मी?" पलीकडे गोंधळ. "अहो, शाळेपासून दहा मिनिटांवर घर माझं!"

"तरी."

"पोचले," त्या हळूच म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.