डाव्या स्पीकरची कायम व्यवस्था

यंत्र बिघडले की ते दुरुस्त करण्याआधी कोणामुळे बिघडले हे निश्चित करणे, हा सुसंस्कृत कुटुंबाचा पाया आहे. दुरुस्ती काय, कोणीही करतो. आमच्या दिवाणखान्यातल्या रिसीव्हरचा डावा स्पीकर मुका झाला, तेव्हा आम्ही या पायावर घट्ट उभे राहिलो.

रिसीव्हर म्हणजे दोन्ही स्पीकरांना गाणे वाटून देणारा काळा, जड डबा. तो बाबांनी आणलेला, त्यामुळे त्याच्यात मुळात खोट असणे शक्य नव्हते. आईने कपाट पुसताना ओला फडका वापरल्याचा संशय होता. ताईच्या यजमानांनी आवाज नको तितका वाढवल्याचा तर पुरावाच होता (जावयाविरुद्धचा पुरावा आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत). शेवटी दमट हवेवर खापर फोडून आम्ही तपासणीला लागलो.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी बंद करून चालू करणे. मग फुंकर. मग डोक्यावर एक थापटी, आणि तिने न भागल्यास तीच थापटी जरा मनापासून. अखेर जाणकाराचा सल्ला. जाणकार म्हणजे पुन्हा ताईचे यजमानच. त्यांना एकदा शॉक बसला होता, तेव्हापासून विजेच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि सांगितले, "डावा बंद आहे." यावर कोणाचेही दुमत झाले नाही.

त्याच वेळी आत्या कपाटामागची जळमटे काढत होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडे राहते, म्हणजे खरे तर घरच तिच्याकडे असते. तिचा हात मागच्या वायरला लागला आणि डावा स्पीकर खणखणीत बोलू लागला.

"हात काढू नकोस!" बाबा ओरडले.

"बरं," आत्या म्हणाली.

ही दुरुस्ती नऊ वर्षे टिकली. इतके टिकाऊ काम हल्ली कोण करून देतो?

पुढे व्यवस्थेला शिस्त आली. गाणे लागण्यापूर्वी आत्याने हातातले काम खाली ठेवून कपाटामागे जायचे, वायर किंचित वर दाबून धरायची आणि "धरली" असे कळवायचे. गाणे संपेपर्यंत शिंकायचे नाही (शिंकेने खरखर येते). तिसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्यांचा सहानुभूतीने विचार करून तिला स्टूल मंजूर झाले. स्टूल तिनेच माळ्यावरून काढले, पण परवानगी आमची होती. पाहुणे यायचे, माना डोलवायचे, "काय स्वच्छ आवाज हो!" म्हणायचे. बाबा सांगायचे, "वस्तू जपली की टिकते." एकदा गाणे चालू असतानाच या व्यवस्थेवर हात वर करून मतदान घेतले. समोर बसलेल्यांचे शंभर टक्के हात बाजूने पडले. (आत्याचे हात गुंतलेले होते.)

असा सुरळीत कारभार चालू असताना एके दिवशी कपाटामागूनच आवाज आला.

"दादा, मला शिवणाच्या वर्गात शिकवायला बोलावलंय. राहायला खोलीपण देणारेत. सोमवारी निघते मी."

बहीण पन्नाशीत पहिल्यांदा नोकरीला निघालेली. अशा वेळी कुठल्याही भावाच्या तोंडून जे निघेल, तेच बाबांच्या तोंडून निघाले.

"आणि डावी बाजू?"

"उजवी आहे की," आत्या म्हणाली. "माझा हात आता भरून येतो, दादा. मी जाणार."

लगोलग पर्यायांचा विचार सुरू झाला. वीट लावून पाहिली, पण किंचित म्हणजे किती हे विटेला कळेना. कपडे वाळत घालायचे चिमटे झाले. मग ताईचे यजमान स्वतःहून कपाटामागे गेले आणि अर्ध्या गाण्यात घाम पुसत बाहेर आले. "मागे काही ऐकूच येत नाही हो! नुसतं उभं राहायचं?" ही अडचण याआधी कधीच कोणाच्या कानावर आली नव्हती.

नाइलाजाने रिपेअरवाल्याला बोलावले. त्याने शीळ घालत झाकण काढले, आत एका तारेचा डाख (म्हणजे कथलाचा सांधा) सुटला होता तो लावला आणि झाकण बसवले. चहाला उकळी यायच्या आत डावा स्पीकर कोणी न धरता गाऊ लागला.

"इतकी वर्षं कसं चालवलंत हो?" त्याने विचारले.

"आत्या आहे ना," आई म्हणाली.

"मग बरोबर," तो म्हणाला. "आमच्या गिझरला आई आहे."

आत्याला पुढे येऊन ऐकायची विनंती करण्यात आली. खुर्च्या मोजक्याच असल्यामुळे तिने येताना आपले स्टूल आणले. ती बसली. रिकाम्या हातांचे काय करायचे ते तिला सुचेना, म्हणून ते तिने मांडीवर ठेवले.

"या गाण्यात बासरी आहे होय?" ती म्हणाली.

"पहिल्यापासून आहे," बाबा म्हणाले.

"असेल. मागे मला नुसतं घूं घूं यायचं." आणि ती रडू लागली. आम्ही तिची मनःस्थिती समजून घेतली आणि आवाज थोडा वाढवला.

सोमवारी आत्या गेली. स्टूलही घेऊन गेली. त्याच आठवड्यात घरात बिघाडांची साथ आली. बाहेरचे दार लागेना (ते जरा उचलून लावायचे असते म्हणे). मोरीतला नळ रात्रंदिवस ठिबकू लागला. दूध आपल्या मनाने उतू जाऊ लागले. इस्त्रीचे कपडे कपाटात यायचे बंद झाले. आई-बाबांचे एक किरकोळ भांडण तर चार दिवस कोणी मिटवलेच नाही. रिपेअरवाला पुन्हा येऊन घरभर फिरला आणि म्हणाला, "यातलं नवीन काहीच बिघडलेलं नाही." असला अडाणी माणूस आम्ही पुन्हा उंबऱ्याच्या आत घेणार नाही. शिवाय पर्यायी व्यवस्था होतेच आहे. माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली आहे. आमची काही अपेक्षा नाही, मुलीला गाण्याची आवड असावी आणि हात स्थिर असावा.

आपल्या घरी असले काही नाही, सगळे कसे आपोआप चालते, असे आपण म्हणाल. म्हणा. आमच्याकडेही नऊ वर्षे आपोआपच चालत होते. तरी खात्री करून घ्यायची असेल तर सोपी तपासणी सांगतो. उठायचीही गरज नाही. बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणा, "हात काढू नकोस!" ज्या खोलीतून "बरं" असे उत्तर येईल, तिथे आपला डाख सुटलेला आहे.