मंजुरीपूर्वी जेवू नये

कर्मचाऱ्यांची पोटे वाढत असल्याची बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. बाब निदर्शनास आली की परिपत्रक निघते, तसे तेही निघाले. अभियानाचे नाव होते ‘समतोल आहार व वजन नियोजन’. प्रत्येक कर्मचाऱ्याने तिन्ही वेळच्या जेवणाचा आराखडा मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरावा, ताट पुढ्यात ठेवून जागेवरूनच फोटो पाठवावा आणि ‘मंजूर’ असा हिरवा शिक्का उमटेपर्यंत घास तोंडात घालू नये, असा आदेश होता.

हे वाचून खरोखर आनंद झालेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच निघाला. भगीरथ. मूळ सापगावचे, नोकरीने सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या गावाचे ग्रामसेवक. वजन चौऱ्याण्णव किलो. साखर काठावर आली आहे, असे डॉक्टरांनी दिवाळीआधी सांगितले होते आणि त्यांच्या वडिलांचा पाय साखरेनेच गेला होता. त्यामुळे सरकार आपल्या ताटात लक्ष घालते आहे म्हटल्यावर त्यांना भरून आले.

अडचण इतकीच होती की गावात रेंज नव्हती. ती गावामागच्या टेकडीवर, एका काळ्या कातळावर उभे राहिले की यायची. चढण पंचवीस मिनिटांची.

पहिल्या दिवशी भगीरथ ताटावर फडके बांधून निघाले, तेव्हा त्यांची बायको माधुरी दारात आडवी आली.

“अहो, फोन न्या ना वर. ताट कशाला?”

“ताटाशिवाय फोटो कसला?”

“मग फोटो घरी काढा न् वर जाऊन पाठवा.”

“काढून ठेवलेला फोटो ॲप घेत नाय. ताट, मी आन् रेंज, तिघं एकाच जागी पायजेत.”

ताटात नवीन नाचणीची भाकर, वालाची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. माधुरीने भात बंद करून, तेल मोजून, आठवड्याचा बेत स्वतःच आखला होता. कातळावर पोहोचून भगीरथांनी फोटो पाठवला. उत्तर आले, ‘पदार्थ यादीत नाही. नामंजूर.’ त्यांनी मुरबाडला तालुका समन्वयक समीक्षा मॅडमना फोन लावला.

“मॅडम, भाकर यादीत नाय.”

“यादीत काय काय आहे?”

“ओट्स, किनोआ, ब्रोकोली.”

“मग दिसायला जे जवळचं असेल ते निवडा ना. इतकं साधं आहे.”

भगीरथांनी यादी ताटाशेजारी धरली. मग भाकरीला ओट्स केले, वालाला किनोआ आणि पाल्याला ब्रोकोली. मंजुरी पाऊण तासाने आली, कारण मंजुरी देणाऱ्या मॅडमही फोन ठेवून जेवायला बसल्या होत्या. गार भाकर चावत भगीरथ कातळावर बसून राहिले.

हे तिन्ही त्रिकाळ सुरू झाले. सकाळी ताट घेऊन वर, दुपारी वर, दिवस मावळायच्या आत पुन्हा वर. चौथ्या दिवशी बाईजा नावाची म्हातारी त्यांच्या मागोमाग टेकडी चढून आली. तिला नातीच्या जन्माचा दाखला हवा होता. चौदा महिने ती ग्रामपंचायतीत येत होती आणि चौदा महिने भाऊसाहेब, म्हणजे भगीरथच, तालुक्याला मीटिंगला गेलेले असत.

“बरा झाला बाय,” ती धापा टाकत म्हणाली. “भाऊसायब उपाशी हाय तवर जाग्यावर तरी हाय.”

मंजुरी येईपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून भगीरथांनी तिचे काम केले. दुसऱ्या दिवशी सातजण आले. आठवड्याभरात ग्रामपंचायतीचा शिपाई कमळू शिक्का आणि पॅड डब्यात घालून मागे मागे चढू लागला. दुपारी दीड ते अडीच भाऊसाहेब कातळावर हमखास सापडतात, ही बातमी इतकी अविश्वसनीय होती की शेजारच्या गावातले लोकही खात्री करायला आले.

तीन महिन्यांनी भगीरथांचे वजन अकरा किलोंनी उतरले. साखर जागेवर आली. डॉक्टरांचा कागद त्यांनी माधुरीला दोनदा वाचून दाखवला आणि तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचला.

म्हसा गावची पौषातली जत्रा उरकल्यावर समीक्षा मॅडम अभ्यास पथक घेऊन गावात आल्या. टेकडीकडे बोट दाखवल्यावर त्यांनी खालूनच पाहणी केली.

“वजन कशामुळे कमी झालं?”

“चढून, मॅडम.”

“चढणं आपल्याकडे येत नाही. ते क्रीडा विभागाकडे. आहार काय होता?”

“नाचणीची भाकर, वाल...”

मॅडमनी टॅबवर बोट फिरवले. “इथे ओट्स आहेत. नव्वद दिवस, एकही खाडा नाही.”

“पण तुमीच सांगितलं होतं...”

“नोंद तुमच्या लॉगिनवरून आहे, भाऊसाहेब.”

माधुरी चहा ठेवून तिथेच उभी होती. “तीन महिने भाकरी मी थापल्या न् नाव ओट्सचं?”

“वहिनी, तुमचं सहकार्य आम्ही अहवालाच्या प्रस्तावनेत घेऊ,” मॅडम मनापासून म्हणाल्या.

‘भगीरथ आहार’ शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या कार्यालयांना लागू झाला. कर्मचारी सकाळी दहाला शासकीय कर्तव्य म्हणून ओट्स खात आणि एक वाजता घरचा डबा खात, कारण कर्तव्याने पोट भरत नाही. रेंज टेबलावरच होती. दोन महिन्यांत दोन्ही तालुक्यांची वजने वाढली.

चौकशीला त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीने भगीरथांचे दोनशे सत्तर फोटो बारकाईने तपासले. प्रत्येक ताटाखाली एकच गोष्ट दिसत होती. काळा कातळ. त्यानुसार प्रत्येक कार्यालयात भोजनासाठी एक कातळ बसवण्याचा निर्णय झाला. एका कार्यालयात तो क्रेनने दुसऱ्या मजल्यावर चढवला गेला. त्यावर बसल्यावर कंबर धरते अशी तक्रार आल्याने वर गादीची खुर्ची ठेवली गेली. वजने तरीही उतरली नाहीत, तेव्हा कातळ निकृष्ट असल्याचा निष्कर्ष नोंदवून समितीने काम संपवले. अभियानही संपले आणि ॲप बंद पडले.

भगीरथांना मात्र बक्षीस मिळाले. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘आहार प्रशिक्षक’ म्हणून बदली, वातानुकूलित खोली, फिरती खुर्ची. त्यांनी नम्रपणे अर्ज केला की बदली रद्द व्हावी, कारण सध्याच्या गावी रेंज नाही. असा अर्ज खात्याने कधी पाहिला नव्हता. रेंज नाही म्हणून बदली मागणाऱ्यांसाठी अर्जाचा नमुना होता, रेंज नाही म्हणून राहू द्या म्हणणाऱ्यांसाठी नव्हता. नमुना तयार होईपर्यंत त्यांना आहे तिथेच ठेवण्यात आले.

त्याच महिन्यात गावाला मोबाइलचा टॉवर मंजूर झाला. ग्रामसभेत बाईजा उभी राहिली.

“टावर नको गो बायांनो. टावर आला का भाऊसायब खुर्चीत बसंल न् खुर्ची मुरबाडला जाईल.”

टॉवरचा ठराव एकमताने फेटाळला गेला. भगीरथ आजही फडके बांधलेले ताट घेऊन टेकडी चढतात. वर पाच-दहा माणसे कागद घेऊन बसलेली असतात.

ही हकिकत मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितली. त्यांतल्या काहींना मी टेकडीची वाटही नीट समजावून दिली. वर कुणी गेले नाही. सगळ्यांनी वही काढून एकच विचारले, भगीरथ एका वेळी भाकरी किती खायचे? तुम्हीही मघापासून तिथेच अडला आहात, म्हणून सांगून टाकतो. दीड.