हत्तीच्या मापाची गाडी

एका जंगलात, मुलांनो, एक डोंगर होता आणि त्या डोंगरावर चढणारी एक चिमुकली आगगाडी होती. तिचे रूळ इतके जवळजवळ होते, की ससा एका उडीत पलीकडे जाई. डोंगर अरुंद, वळणं अरुंद, म्हणून गाडीही अरुंद.

त्या गाडीत बसायची एक रीत होती. ज्याने त्याने आपलं अंग आवरून बसायचं. मोर पिसारा मांडीवर घेई. सांबर शिंगं खिडकीबाहेर काढी. भागाबाई साळिंदरीण तर सगळे काटे पाठीशी चापूनचोपून बसवी आणि शेजारणीला विचारी, "टोचत नाही ना गं?" डोंगराच्या माथ्यावर तिचं बीळ होतं आणि बिळात दोन पिल्लं. बाजारहाट करून ती याच गाडीने घरी जाई.

एकदा जंगलाचे प्रधान ऐरावतराव हत्ती माथ्यावरची थंड हवा खायला निघाले. त्यांची सोंड डब्यात गेली. बाकीचे ऐरावतराव बाहेर राहिले.

भागाबाई मायेने म्हणाली, "प्रधानजी, जरा अंग आवरून घ्या."

साऱ्या डब्याला घाम फुटला. प्रधानांना असं कुणी सांगतं का? ऐरावतरावांनी सोंड बाहेर काढली आणि ही गाडी जंगलाला शोभत नाही, असं जाहीर केलं.

बगळेसाहेब जंगलाचे इंजिनीअर. त्यांनी एका पायावर उभं राहून पुष्कळ विचार केला. रुंद गाडी अरुंद डोंगरावर चढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा डोंगर काढून टाकायचं ठरलं.

भागाबाई भीत भीत त्यांच्याकडे गेली. "साहेब, डोंगरच नसला तर गाडी जाणार कुठं?"

"बाई, आधी गाडी जाऊ तर द्या. कुठं जायचं ते मागाहून ठरवू."

मग तिने आपल्या घराचं विचारलं. साहेब म्हणाले, की प्रगतीसाठी प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं. प्रधानजींनी नाही का आपला वेळ दिला?

रानडुकरांनी डोंगर उकरून सपाट केला. पिल्लांना पुढे घालून भागाबाई खाली आली. रुंद गाडी थाटात सुटली. ऐरावतराव आत ऐसपैस पसरले. गाडी थांबली तिथे 'माथा' अशी पाटी होती. भोवती नुसता माळ, आणि ऊन मी म्हणत होतं.

"थंड हवा कुठे आहे?" ऐरावतरावांनी विचारलं.

थंड हवेला डोंगर लागतो, असं बगळेसाहेबांनी अदबीने सांगितलं. ऐरावतरावांना ते पटलं. त्यांनी उभ्या उभ्या एक डोंगर मंजूर केला.

तिथेच मातीच्या ढिगाशी भागाबाई नवं बीळ उकरत होती. पिल्लं उन्हात बसली होती. बगळेसाहेब लगबगीने आले.

"अहो बाई, इथं नको. इथं डोंगर यायचाय."

भागाबाईने पंजे झटकले आणि पिल्लांना उठवलं. "चला रे," ती म्हणाली, "डोंगराला जागा द्या."

तात्पर्य : अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण लहानांसाठी आहे. मोठ्यांनी आधी पाय पसरावेत. अंथरूण कमी पडलंच, तर शेजाऱ्याचं घर आहे.