लांब धाग्याचे नूडल्स

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण कुणी वाचलीच तर चुका पोटात घाला आणि आमच्या नानांकडे बघा.

नाना हॉटेलात बसले की प्लेटमधला एक नूडल उचलतात, दोन्ही चिमटींत धरून उजेडाकडे ताणतात आणि निकाल देतात, "लांब धागा शे. पन ओल जास्ती."

नाना म्हणजे माझे थोरले दीर. धुळ्याच्या जिनिंगमध्ये जन्मभर त्यांनी कापसाची प्रत ठरवली. निवृत्त झाले आणि समुद्राची मासळी घातलेल्या नूडल्स-पास्त्याची प्रत ठरवू लागले. समुद्र इथून कुठल्या कुठे! मासळी म्हणजे आम्हाला तापीची, नाहीतर बाजारातली सुकट. पण हायवेला नवी हॉटेलं निघाली, आणि नाना दर रविवारी एकेक तपासत सुटले. मग फोनवर परीक्षण टाकतात: "झिंगे सहा. सरकीएवढे. पास्ता कवडी."

जळगावच्या एका हॉटेलच्या मालकाने, तो बाहेरगावचा, फोन करून विचारलं, "कवडी म्हणजे शिवी आहे का?"

"नही हो भाऊ. खराब कापूस. शिवी तर मी अजून दिलीच नही."

या तपासणीला मी सोबत असते. एका माणसाने ठरवलेली प्रत पक्की नसते, असं नानांचं म्हणणं. पण आमच्यात थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही. म्हणून आम्ही दोन टेबलांवर पाठीला पाठ लावून बसतो. मध्ये वेटर; ज्या हॉटेलात आम्ही पुन्हा पुन्हा जातो तिथे गफूरभाई.

"गफूरभाई, त्यांना विचारा, झिंगा कसा लागना?"

गफूरभाई माझ्याकडे वळतात. मी पुटपुटते, "रबर."

"रबर म्हणतात."

"आयकं मी."

"मग मला कशाला फिरवता, नाना?"

"रीत शे भाऊ."

नानांचा एकच नियम कडक. प्लेट आली की मी आधी खायचं, गरम असतानाच. "गार मालाची प्रत धरता येत नही!"

खरं सांगते, मी रविवारची वाट बघायला लागले. घरात नऊ माणसं. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं मी ओट्यापाशी उभ्यानेच उरकते. बावीस वर्षं असंच. इथे खुर्ची होती आणि माझ्यासमोर वाफ निघत होती.

मग आमच्या चुलतसासू सोनाअक्का घरी येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "माय वं! सून हाटेलात, अन् जेठ बी तठेच? लोक काय म्हंतीन?"

सासूबाईंचा चेहरा बदलला. मला वाटलं, संपला आपला रविवार.

नाना दारातूनच म्हणाले, "अक्का, तुम्ही बी चला. आधी पाहा, मंग बोला."

त्या रविवारी आम्ही तीन टेबलं अडवली. अक्कांनी प्लेटमध्ये वाकून पाहिलं. "हाई काय गांडुळं शेतस? अन् तुले खावानं शे तं तू खाय. हिले कसाले आनस? शेवभाजी मिळत नही का गावात?"

नानांच्या हातात ताणलेला नूडल होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"शेवभाजी मागवली तर ती म्हणेल, कशाला, घरी करते. करेल. सगळ्यांना वाढेल, अन् मंग उभ्यानं खाईल. हाई तिला करता येत नही, अक्का. म्हनून हाई. माझ्या घरवालीनं बी सारं आयुष्य उभ्यानंच खाल्लं. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं."

गफूरभाई पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिले. मी पदर पुढे ओढला. प्लेट मला धड दिसेना.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सोनाअक्का आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी अंग चोरलं.

"तोंड काय पाहस? थंडं व्हई ऱ्हायनं. खाय."

मी घास घेतला. अक्कांनी माझ्याच प्लेटमधला एक झिंगा बोटांनी उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिल्या.

"गरम शे वं," त्या हळूच म्हणाल्या.