तीस वर्षं दारू

कुकर चढला की तात्याराव गॅलरीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, पण कुकरचा भरवसा नाही म्हणे.

लेक आम्रपाली परदेशात, बर्फाच्या मुलखात. पहिलंच बाळंतपण, तारीख वीस, हाताशी कुणी नाही. कांताबाईंचा व्हिसा बारा दिवसांत आला. तात्यारावांचा दोन महिने झाले तरी ‘प्रोसेसमध्ये’. आणि नवऱ्याशिवाय कांताबाई खडकी बाजाराच्या पलीकडे कधी गेलेल्या नव्हत्या. विमानात एकटी बसणार नाही, असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

मग एक मेल आला. फॉर्म भरून दिला होता शेजारच्या आमोदनं. शाळा इंग्रजी, नोकरी हडपसरच्या आयटीत. तोच वाचायला बसला.

“काका, तुमच्याकडे दारूचं लायसन होतं का, विचारतायत. आणि लिव्हर कसं आहे.”

तात्याराव पंचशील पाळणारे. सुपारीसुद्धा वर्ज्य. “माझं आणि दारूचं काय?”

“तुम्हीच म्हणालात ना, तीस वर्षं दारू भरली. मी लिहिलं, बारमध्ये.”

“अरे बाबा, तोफगोळ्यात भरली. उडते ती दारू.”

आमोदनं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. मग त्यानं इमानदारीत दुरुस्ती कळवली : दारू नव्हे, स्फोटकं.

“झालं,” कांताबाई म्हणाल्या. “आधी नुसते बारवाले होते.”

आता तर प्रश्नांची रांगच लागली. कुठली स्फोटकं, कुणासाठी, कुणाच्या हाताखाली. तात्याराव एकेक मेल उभं राहून ऐकायचे, राष्ट्रगीत ऐकावं तसं.

“तीस वर्षं साहेब मला टोकन नंबरानं हाक मारायचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि हे बघ. अख्खं सरकार बसलंय तिकडं, माझा अभ्यास करत.”

“करू दे. तोवर नातवंड शाळेत जाईल.”

वीस तारखेला आठ दिवस उरले आणि शेवटचा मेल आला : या गृहस्थांपासून कुणाला धोका नाही, असं जवळच्या माणसानं लिहून द्यावं.

कांताबाईंनी पदराला हात पुसले. “आमोद, लिही. मी सांगते तसंच, शब्द बदलू नको.”

चौथ्या दिवशी व्हिसा आला. तात्याराव पासपोर्टचं पान उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग बायकोकडे तसंच बघायला लागले.

“एवढ्या मोठ्या सरकारनं तुझं ऐकलं? काय लिहिलंस तरी काय?”

आमोदनं वाचून दाखवलं : “‘आमचे यजमान कुकरच्या शिट्टीला घाबरतात. खात्री करायची तर सकाळी अकराला फोन करावा. कांता.’”

“मग? केला त्यांनी फोन?”

“केला की. मराठी बोलणारी बाई होती. शिट्टी ऐकली तिनं, मग विचारलं, कुठायत ते?” कांताबाई बॅगेची चेन ओढत म्हणाल्या, “म्हटलं, गॅलरीत.”